दुसरा खेळ, साडेआठचा

तिकीट दहा रुपये. पाच वर्षांखालच्यांना फुकट.
आबांना मी सांगितलंच नव्हतं,
पानठेल्यावर कुणीतरी डिवचलं:
"अजाबराव, तालुक्याच्या बागेत
तुमचं पानी नाचते म्हनते."

तुमचं, कारण आबा पाणाड्या.
तळहातावर नारळ आडवा ठेवून
त्यांनी सगळा खारपाणपट्टा अनवाणी पालथा घातला.
नारळ उभा राहिला की तिथं खुंटी.
पाणी लागायचंच.
पहिली ओंजळ तोंडाशी गेली की माणसं थुंकायची.
खोटं सांगितलं असं कुणी म्हटलं नाही,
पुन्हा बोलावलंही नाही.

स्कूटीवर मागे बसून येताना
ते विहिरी दाखवत होते, काळोखात,
जिथं मला नुसती तूर दिसत होती.
"हे सदाफळ्याची. साठ फूट."
"हे बुजवली. आता वर गोठा हाये."

बागेत सिमेंटचा हंस, चोच तुटलेली.
नव्या बाकावर पाटी: रंग ओला आहे.
त्या पाटीवरच एक बाई बसलेली, पदरात फुटाणे.
माइकवर बजावत होते, कठड्यावर बसू नये,
आणि कठडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भरला होता.

आधी पंप खोकला.
पाइपातून नुसता वारा आला, मग काहीच नाही.
"आलं," आबा म्हणाले.
काही आलं नव्हतं.
मी "कुठं?" म्हणेस्तोवर ते उठलं,
हिरवं, मग करडईच्या फुलासारखं,
मग जत्रेतल्या बर्फाच्या गोळ्याचं लाल,
गाण्याच्या मागे मागे, अर्धा ठोका उशिरा.
मधोमध कमळ व्हायचं होतं.
साडेचार पाकळ्या झाल्या.

सगळे फोन वर.
आबांचा फक्त हात पुढे, तळवा वर,
जसा अजून त्यावर नारळ आहे.
तुषार पडले. त्यांनी बोट चाटलं.
"खारं हाये वो पोरी!"
इतक्या मोठ्यानं, जणू लेक पहिली आली शाळेत.
शेजारच्या पोराने जीभ बाहेर काढली.
मग त्याच्या बहिणीने.
मग अख्ख्या रांगेने, आ करून, वर तोंड करून,
आणि आया ओरडत राहिल्या, गटाराचं असंन रे ते!

तेवढ्यात लाइन गेली.
पाणी एकदम खाली बसलं,
डोक्यावरचा भारा टाकावा तसं.
काळोखात कुणीतरी शिट्टी मारली, कुणाचं बाळ हसलं.
पंपवाला रफिक टॉर्च दातात धरून टाकीत उतरला,
हातात सायकलीचा आरा.
"पांढरं धरते काका. दर जुम्म्याले लिंबानं घासतो,
आठ दिवसांत पुन्हा तोंड बंद."
"दे इकडं," आबा म्हणाले.
धोतर खोचून तेही पाण्यात.
दोघं वाकून त्या एका भोकाशी काय बोलले
मला ऐकू आलं नाही.
मी चपला सांभाळत होते.

वीस मिनिटांनी लाइन आली.
पाचवी पाकळी उठली खरी, पण तिरपी,
आणि थेट माइकवाल्याच्या शर्टावर.
त्या रात्री सर्वांत जास्त टाळ्या तिला पडल्या.

परतताना त्यांच्या चष्म्यावर
वाळलेले पांढरे ठिपके.
"पुसून देऊ?"
"राहू दे."

नाल्याच्या पुलाअलीकडे म्हणाले, थांब.
मी दिवा चालू ठेवला, तुरीच्या शेंगांवर उजेड.
ते धुऱ्यावरून आत गेले, दिसेनासे झाले.
बराच वेळ लागला. दोन ट्रक गेले.
आले तेव्हा काही विचारायच्या आत म्हणाले,
"काई नाई. लघवीले गेल्तो."

पण चपला त्यांच्या हातात होत्या.