प्रकृतीच्या कारणास्तव

कोयलीला तेव्हा नुसते खड्डे होते,
आणि एका खड्ड्याच्या काठावर उभा राहून
येफिम प्रोखरोविच तुलागिन, इंजिनिअर, वय चौतीस,
तीन मिनिटं न थांबता रशियन शिव्या देत होता.
मजूर बाबांकडे बघू लागले.
बाबा म्हणाले, "साहेब कहे छे, जरा संभाळीने."

दुभाष्या म्हणून बाबांचं ते पहिलं वाक्य.
मूळचे ते ड्राफ्ट्समन, कलाभवनात रेघा शिकलेले.
रशियन शिकले रात्रीच्या वर्गात,
दांडिया बाजारच्या खोलीत, आरशापुढे,
घशातून निघणारा एक स्वर महिनाभर घोटत.
आत्या विचारायची, याला मळमळतंय का?

तुलागिनला लिलो चेवडो आवडायचा.
वोडका गुजरातेत मिळेना, म्हणून ताकाबरोबर खायचा.
जाताना त्यानं बाबांना एक स्टीलची फूटपट्टी दिली
आणि स्टेशनवर मिठी मारली, हाडं वाजतील अशी.

पुढचा तुलागिन मला वह्यांवरून माहीत.
रशियाची मासिकं स्वस्त, कागद गुळगुळीत,
जूनमध्ये घरोघरी कव्हरं त्यांचीच.
माझ्या तिसरीच्या भूगोलावर तो शहर समितीचा सचिव झाला,
हातात कोबी, आजूबाजूला हसऱ्या बायका.
पाचवीच्या गणितावर प्रांताचा. पदकं दोन.
सातवीच्या इतिहासावर उपमंत्री,
मान गेलेली, हनुवटी थेट कॉलरमध्ये.
नववीच्या बीजगणितावर मंत्री.
पदकं पाच. सहावं घडीत दुमडलं गेलं.

बाबा तेव्हाही दुभाषेच. ग्रेड तीच.

मंत्री झाल्यावर तो एकदा आला कोयलीला.
मांडव, झेंडू, शाळेची मुलं, त्यात मी.
दुभाष्या दिल्लीहून आणलेला, सूट घातलेला.
बाबा दोरीच्या अलीकडे, इस्त्रीचा शर्ट,
खिशात चेवड्याची पुडी, तिचं तेल बाहेर आलेलं.
मंत्री म्हणाला: हे आम्ही तुमच्याबरोबर बांधलं.
दिल्लीकर म्हणाला: हे आम्ही तुमच्यासाठी बांधलं.
"बरोबर," बाबा पुटपुटले, "साठी नाही, बरोबर,"
पुन्हा रशियनमध्ये, जरा मोठ्यानं.
मंत्र्यानं कागदावरून डोळे उचलले.
गर्दीत शोधलं काहीतरी.
मग मागच्या एकानं हळूच पान उलटलं,
आणि तो पुढचं वाचू लागला.

पुडी आम्ही रिक्षात संपवली.

मी कॉलेजात गेले, वह्यांना कव्हरं घालायची बंद झाली,
मासिक येत राहिलं.
एका अंकात शेवटच्या पानाच्या तळाला दोन ओळी:
कॉम्रेड तुलागिन प्रकृतीच्या कारणास्तव पदमुक्त.
बाबांनी त्या माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतल्या, चष्मा असून.
म्हणाले, खड्ड्यांच्या दिवसांत एका फोरमनची तार
मीच वाचून दाखवली होती, हेच शब्द होते,
परत बोलावलं होतं त्याला.
बैलासारखा धडधाकट माणूस.
तुलागिननं ती तार दोनदा वाचायला लावली,
आपलीच भाषा, तरी दोनदा.

पुढच्या अंकात नोव्हेंबरची परेड.
सज्जात ओळीनं टोप्या, ओळीनं ओव्हरकोट.
बाबांनी स्टीलची फूटपट्टी काढली,
तिच्यावरचे रशियन आकडे झिजलेले,
आणि खांदे मोजायला बसले, एकेक.
चौथ्या आणि पाचव्यामध्ये दीड मिलिमीटर जास्त.
पुन्हा मोजलं. दीडच.
"स्केल दिलेली नाही," ते म्हणाले,
"नाहीतर सांगितलं असतं केवढा होता."

आई म्हणाली, जेवायला चला, भात निवतोय.

ते पान त्यांनी जपून सोडवलं, पिना न मोडता,
आणि आपल्या ब्लडप्रेशरच्या फाइलीला घातलं.
मधोमध लेबल लावलं, बरोबर त्या फटीवर.
ड्राफ्ट्समनच्या अक्षरात, सरळ, शाईत:
तुंगारे म. वि.
प्रकृती.