सातव्या ओळीत चूक

कुताइसीत, रिओनीच्या वरच्या अंगाला
आमची भट्टी पहाटे चारला पेटते.
सात वाजेपर्यंत सगळे शोती पाव भिंतीवरून सुटतात,
मग दोन तास माझे. पिठाच्या पोत्यावर लॅपटॉप,
आणि ऑर्डरचं पान स्वतःच बनवायचं म्हणून
हट्टाला पेटलेली मी, त्सिआला, वय बावन्न.

ही भाषा प्रत्येक नावाआधी डॉलर लावायला सांगते.
गल्ल्यात मोजून चाळीस लारी,
आणि इथे $पाव, $उधारी, $गिऱ्हाईक,
सगळेच डॉलरवाले!

पहिलं पुस्तक वाचनालयातलं, रशियन, कसर लागलेलं.
त्यातलं फंक्शन लिहिलं. उत्तर आलं: असं काही नाही.
तीनदा लिहिलं. नाहीच.
भाषेनं ते कधीच काढून टाकलेलं,
पुस्तकाला कुणी कळवलं नव्हतं.

मग व्हिडिओतला एक पोरगा.
दहा मिनिटांत शिकवतो म्हणाला.
त्याचं कधी काही बिघडायचंच नाही.
उंटावरून शेळ्या हाकणं ते हेच.

वार्लाम रोज एकच पाव नेतो.
आयुष्य वीजकेंद्रात गेलं, बोलतो कमी.
म्हणाला, "दह्याच्या डब्यावर आधी काय बघतेस?"
"तारीख."
"मग धड्यावरही तीच बघ.
आणि कुठे भाजतं ते जो सांगत नाही,
त्याला स्वयंपाकघरात घेऊ नकोस."

म्हणून शेवटी भाषेची मूळ नियमपुस्तिका.
चित्र नाही, विनोद नाही, पाणीपट्टीच्या बिलासारखी कोरडी.
पण प्रत्येक शब्दाखाली नोंद:
कुठल्या आवृत्तीत आला, कुठल्या आवृत्तीत गेला.
मी पानं छापून आणली. आता त्यांवर लोण्याची बोटं आहेत.
तरी दुधानं पोळलेली मी, प्रत्येक उदाहरण
चालवून बघते, ताकासारखं फुंकून.

काल यंत्र म्हणालं: सातव्या ओळीत चूक.
सातवी ओळ धुतलेल्या ताटासारखी स्वच्छ.
अर्धा तास गेला. अर्धविराम
सहावीच्या शेवटी राहिला होता.
पुस्तिकेत लिहिलंय तसं: अडलं ते दिसतं,
सुटलं ते त्याच्या आधी असतं.

गोचा पोलंडला गेला ते वर्ष
मी फार तपासलंय.
त्याच्या आधीचं कधी उघडलं नाही.

आज पान चाललं. पहिली ऑर्डर आली:
पाव एक, नाव वार्लाम.
मान वर केली तर तो दारातच,
फोन हातात, चष्मा कपाळावर,
"पोचली का?" विचारत.