दहा बाय आठ

शालिमारला, शटर अर्धं ओढून मी हिशेब लावत होते,
तेव्हा चौघे वाकून आत आले.
चार पक्षांचे चार जिल्हाध्यक्ष,
विश्रामगृहावरच्या बैठकीतून थेट, आणि एकाच गाडीतून.
असं निवडणुकीतही पाहिलं नव्हतं.

"ताई, दिल्लीची बातमी बरी नाही."
"म्हणजे तशी वाईट नाही," कोशिरे घाईनं म्हणाले.
मौलेंचा भाचा तिथेच शिकतो, इस्पितळात.
तो तासातासाला कळवतो: क्रिएटिनिन.
शब्द चौघांच्या तोंडी बसलाय.
दुपारी चार, आत्ता साडेचार.
त्या अर्ध्या आकड्यात
महापालिकेच्या एकशे बावीस जागांचं वाटप
अडकून पडलंय.

फ्लेक्स हवा, दहा बाय आठ, सकाळी सीबीएसला लागला पाहिजे.
मजकूर? 'लवकर बरे व्हा' कुणाला थिटं वाटलं.
चारोस्कर म्हणाले,
लिहा, 'आपण आहात म्हणून आम्ही आहोत.'
मग कुणीच काही बोललं नाही.
पंखा तेवढा कुरकुरला.
"नको, पहिलंच राहू द्या."

फोटोवर पाऊण तास गेला.
हात उंचावलेला नको, निरोप घेतल्यासारखा दिसतो.
हात जोडलेला तर नकोच.
नांदूर नाक्याच्या सभेतला सापडला,
माईक धरलेला, किंचित हसरा,
पण गळ्यात हार.
"हार काढा," चौघे एकदम म्हणाले,
युती झाल्यापासून पहिल्यांदाच एकदम.

मी एकेक झेंडू उचलू लागले.
खाली सदरा नव्हताच, तो मलाच भरायचा होता,
म्हणून फोटो मोठा केला, आणखी मोठा,
आणि माईकवरच्या हाताच्या मागे दिसली
सलाईनची पांढरी पट्टी.

"म्हणजे तेव्हाच..."
"वीस एप्रिल. ऊन बेचाळीसचं."
"ते नको म्हणत होते. गाडी आपण पाठवली ओझरला."
"आपण कोण? तुम्ही."
"बरं, आम्ही."
बेंडकुळे अण्णा स्क्रीनजवळ आले,
चष्मा कपाळावर चढवून
पट्टीवर बोट ठेवलं, हळूच,
खाली दुखरी जागा असल्यासारखं.
रात्रभरात ते एवढंच बोलले:
"मला कोपरात बसवून माईक दिला होता त्यांनी. हाच हात."

बाकी मापांचं ठरलं: चौघांचे चेहरे सारखे,
सेंटिमीटरचाही फरक नको.
पैसे चौघांनी वाटून दिले, मोडीसकट.
गाडी सुरू झाली, थांबली.
कोशिरे परत आले, किल्ली विसरल्याचं निमित्त करून.
"ताई, फाईल ठेवा हं जपून.
म्हणजे, लागली तर."

मशीन आता चालू आहे.
आधी कपाळ येतंय, ओळीओळीनं, ओलं.
पट्टी मी काढली नाही,
एवढ्या उंचीवर कुणाला दिसतेय.
आणि हार पुसलेला नाही,
वेगळ्या लेयरवर आहे,
डोळा मिटून.