हलक्या वाऱ्याची फळी

तोंडवळीच्या किनाऱ्यावर, सुरूंच्या मागे,
इनास फर्नांडिसची पत्र्याची शेड.
आत तीन पतंग घडी करून रचलेले,
लग्न आटोपल्यावरच्या गाद्यांसारखे,
आणि मी, भूगोलाची बाई, वय सत्तेचाळीस,
वजन एकाहत्तर. इनासने ते विचारलं
इतक्या सरळ, की मीही सरळच सांगितलं.
तक्त्यात बसवायचं होतं त्याला:
किलो या बाजूला, वारा त्या बाजूला,
मधल्या चौकोनात पतंगाचे चौरस मीटर.

"बाई, फेब्रुवारीत आपल्याकडे काय,
तीनला नऊ नॉट, चारला अकरा,
पाचला चहा."

सतरा मीटरचा निळा त्याने वाळूवर पसरला.
केवढा! आमच्या स्टाफरूमएवढा.
जुना, तरी पासष्ट हजार,
म्हणजे पतपेढीतलं माझं सगळं आणि वर थोडं.
वारा कमी तर पतंग मोठा. गणित बरोबर वाटलं.
गणित बरोबर वाटलं की मी फसते,
हेही एक गणितच.

होडीच्या सावलीत सावळा तारी बसला होता.
चाळीस वर्षं शिडं शिवली त्याने,
आता इनासच्या पतंगांना ठिगळं लावतो.
दोऱ्याचं टोक दातात धरून म्हणाला,
"वारो कमी म्हणान शीड मोठां करतस,
आणि मगे सोसाटो इलो काय?
तां तुका घेवन जातलां. तू तेका नाय."
मग दोरा तोडून, माझ्याकडे न बघता:
"पाय ठेवची जागा मोठी कर गो बाय."

इनासने आढेवेढे घेतले, मग कबूल केलं.
मोठा पतंग आळशी, वळायला वेळ घेतो,
शिकणाऱ्याच्या हातून पाण्यात पडला
की भिजल्या गोधडीसारखा उठत नाही.
हा बघा चौदाचा, मध्ये एकच फासळी,
उचला, काही वजन आहे?
वारा दम खातो तेव्हा हा नुसता तरंगत राहतो.
आणि फळी ही घ्या. एकशे पासष्ट सेंटिमीटर,
रुंद, सपाट, टोकांना नावाला बाक.
दार वाटतं ना? पोरं हसतात हिला. हसू द्यात.

दार. मी हात फिरवला.
पंचवीस वर्षं फळ्यावर दोन बाण काढते आहे:
दिवसा दर्याकडून जमिनीकडे, खारे वारे,
रात्री उलटे, मतलई.
खडू दाबून, ठळक,
मागच्या बाकालाही दिसावेत असे.
एकही बाण कधी अंगावर घेतला नव्हता.

तीनला सुरूंचे शेंडे हलले.
पाण्यावर पांढरा तुरा एकही नाही,
नुसता शहारा.
चौदाचा चढला. चोवीस मीटर दोऱ्यांच्या टोकाला
कुणी पदर धरावा एवढीच ओढ.
दोनदा पडले. नाकात मीठ,
कमरेचा पट्टा सरकून काखेत,
रापणीवरच्या बायका जाळं सोडून बघायला उभ्या.
एक ओरडली, "बाईनू, उठा!"
वर्गात हे मी म्हणते.

तिसऱ्यांदा दाराने मला घेतलं.
सहा सेकंद, असतील सात.
इनास नऊ म्हणतो, पण त्याला फळी विकायची आहे.

पैसे दोन हप्त्यांत द्यायचे ठरले.
सतराच्या निळ्याची पुन्हा घडी होत होती.
खोटं कशाला बोलू,
शेवटची दुमड पडेपर्यंत पाहत राहिले.

सोमवारी सातवी ब. खारे वारे.
बाण काढला, पुसट आला.
मागच्या बाकावरून मनवा केळुसकर:
"बाई, दिसत नाय."
म्हटलं, आज एवढाच आहे.