चाळीस शब्द

डिसेंबर उजाडतो, दिवस उजाडत नाही.
लोफोटेनच्या या मासळी कारखान्यात
माझ्या डावीकडे रिमांतास,
लिथुआनियाचा, सुरी माझ्याहून वेगवान.
आमची दोघांची मिळून भाषा चाळीसेक शब्दांची:
कॉड, बर्फ, ओव्हरटाइम, थंडी,
तुझा मुलगा कसा आहे.

इलोइलोला आमचे पास्टर बोटांवर शिकवायचे:
आधी पाप, मग क्रूस, मग रिकामी कबर,
आणि अंगठा म्हणजे ऐकणाऱ्याचं उत्तर.
इथे हातमोज्यांत ती बोटं
सकाळी नऊलाच बधिर होतात.

परवा जेवणाच्या सुट्टीत त्यानंच विचारलं,
‘रोज डोळे मिटून काय करतेस, लिगाया?’
‘धन्यवाद म्हणते.’
‘कुणाला? मासा तर आपणच कापला.’

अकरा महिने या प्रश्नाची वाट पाहिली होती
आणि आता चाळीस शब्दांत येशू मावेना.
म्हटलं, ‘मासा कापला. समुद्र नाही केला.’
मग, कशाचा काही संबंध नसताना,
‘मुलगा तिकडे, मी इकडे.
मधे कुणीतरी जागं असतं.’

तो काहीच बोलला नाही.
त्याच्याकडचा काळा, आंबूस पाव मोडून
अर्धा माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवला
आणि भोंगा झाला.

रात्रभर स्वतःवर चिडले.
क्रूस राहूनच गेला. कबरसुद्धा.

काल सुपात चमचा बुडवण्याआधी
रिमांतास जरासा थांबला.
डोळे उघडेच होते.
सूप गरम होतं म्हणूनही असेल.