वाळा नव्हे

हरसूलच्या वरच्या अंगाला, राबाच्या राखेखालून
सोनजी गावितच्या कुदळीनं वर काढलं ते:
करंगळीएवढं, ओल्या सुपारीच्या रंगाचं.
वाळा आहे, म्हणालं कुणीतरी. ठेचा.

पण त्यानं डोळे मिटले.

साप मिटत नाही डोळे,
एवढं सोनजीच्या चौथीतल्या पोरीलाही ठाऊक.
गुडघ्यांवर बसून तिनं पाहिलं:
डोळ्यामागं टाचणीच्या टोकाएवढं कानाचं भोक,
आणि पाय जिथं असावेत तिथं
काहीच नाही. खरवडल्याची खूणही नाही.

कधी सोडले असतील यानं पाय?
आधी एकेक बोट, मग पोटरी,
लाखभर पिढ्यांच्या उंबऱ्याबाहेर
काढून ठेवलेल्या वहाणांसारखे,
मातीत शिरताना आड येणारं ते ते उतरवत?

धरायला गेली तर शेपूट तिच्या हातात राहिलं,
वळवळत, मालकाशिवाय.
उरलेलं पोहत गेलं ढेकळांखाली
वाळवीच्या अंड्यांकडे.

पोरगी मूठ उघडेना.
"नाव काय याचं?"
आज्यानं सांगितलं होतं एक, कोकणा बोलीत.
सोनजी कुदळीवर हनुवटी टेकून आठवत राहिला.

तेवढी दोन हात जमीन
त्या दिवशी खणायची राहिली.