घंटा वाजवायची नाही

दारव्ह्याच्या पाळकसाहेबांनी आधी चहा दिला,
मग विचारलं, मुलगा बाप्तिस्मा घेतो का?
मी बशीकडे पाहत राहिलो.
शलोमी म्हणाली, तो बुद्धवंदना म्हणतो, रोज सकाळी,
मोटारसायकल पुसता पुसता.
साहेब हसले.
दुसऱ्या कपाचं मात्र विचारलं नाही.

दिग्रसला कमिटी बसली.
त्यांना सहा खुर्च्या, आम्हाला बाक.
सचिव भालेराव, रिटायर कंपाउंडर,
नाडी पाहावी तसा माझा आधार कार्डाचा कागद धरून म्हणाले,
कायद्यात बसते बाळा, मंडळीत बसत नाही.

आर्णीचे पाळक महिन्याआधीच बदलून गेले होते.
दारात एक कोंबडी,
आणि फाटकाला उपासनेची पाटी,
वार शिल्लक, वेळ पुसलेली.

आमच्याकडेही काही कमी नव्हतं.
भंतेजी म्हणाले, मंगल परिणय मी लावतो,
तुमच्या अंगणात, पोरीला घेऊन या.
पण क्रुसाखाली मला उभं करू नका, पाय दुखतात.
पाय खरंच दुखायचे त्यांचे.
कचेरीबाहेर लागलेली तीस दिवसांची नोटीस
काकानं फोटो काढून परिवाराच्या ग्रुपवर टाकली.
खाली एकोणीस जणांनी हात जोडले,
कशासाठी ते कोणी लिहिलं नाही.

शलोमी म्हणायची, सही करूच रे,
पण सहीला कोणी आमेन म्हणत नाही.

शेवटी आई उठली.
अंगणवाडीतून सुटी टाकली, मधल्या सीटवर बसली,
मांडीवर पिशवी. पिशवीत भाकरी, ठेचा,
आणि कोणाला न सांगता घेतलेली पांढरी साडी.
आमच्यात नवरी पांढरं नेसते.
त्यांच्यातही.
दोन घरांत एवढीच गोष्ट भांडण न होता ठरली,
आणि ती कोणी ठरवलीच नव्हती.

खडकीचं देऊळ रस्त्यावरून दिसत नाही.
पऱ्हाटीच्या मागं, टिनाचं,
अर्ध्या भागात कोणाची तरी तूर.
किल्ली मार्थाबाईकडे, मार्थाबाई वावरात,
वावर नाल्याच्या तिकडे.
येसुदास पाळक ओट्यावर शेंगा सोलत होते,
ऐंशीच्या पुढचे, एका कानानं ऐकणारे.
आई त्या कानाशी वाकली.
"पोरगं माहं, पोरगी तुमच्यातली. लगन लावून देता काय?"

त्यांनी बाप्तिस्म्याचं विचारलं नाही.
पोरीच्या बापाचं नाव विचारलं.
शलोमीनं सांगितलं, मोठ्यानं, दोनदा.
शेंग हातातच राहिली.
"मनोहर? टिनवाला?
हे सारं छत त्यानंच ठोकलं.
तीनशे चाळीस रुपये राह्यले व त्याचे."
शलोमी वर पाहू लागली.
खिळ्यांच्या ओळी सरळ होत्या.
तिला हे कोणी सांगितलं नव्हतं.

मग ट्रंक उघडली. परवाना शोधायचा होता.
शास्त्र निघालं, लोकरीचे मोजे, राशन कार्ड,
गेलेल्या बायकोचा चष्मा. तो त्यांनी डोळ्यांवर चढवला
आणि पुढचं शोधलं.
परवाना सापडला. त्यांना तारीख वाचता येईना.
मी वाचली. घडी घालून परत दिला.
सही तर कचेरीत होणारच होती.

"मंगळवारी या. दुपारच्याले.
पण घंटा नाही वाजवाची बरं काय,
आग्यामोहोळ हाये वर.
नाताळाले वाजवली तं दोघं दवाखान्यात."

आईनं साडीची घडी गुडघ्यावर सारखी केली.
"बरंच झालं," ती म्हणाली,
"गावाले कळन सावकाश."

तोवर मी पोती मोजली होती. एकवीस.
शलोमी बारावीवर विसरली, पुन्हा पहिल्यापासून लागली.
मंगळवारच्या आत हलवायची होती,
आणि तूर कोणाची
ते अजून मार्थाबाईला विचारायचं होतं.